ताटातलं लाल पाणी

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. ओतूरजवळच्या वाडीत देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. भिमाजीबाबानं भंडारा फासलेल्या ताटात तांब्यातलं पाणी ओतलं आणि ताट लालभडक झालं.

"रगत!" गर्दी मागं सरली.

"पोराच्या अंगातली करणी हाय ही," बाबा डोळे फिरवत म्हणाला. "आता कपाळाला एक चीर. घाण रगत गेलं की पोरगं नाचत घरी! अन् दवाखान्याची सुई लागली, तर खेळ खलास, राव!"

धोंडाबाईच्या मांडीवर तिच्या लेकीचा मुलगा सुदर्शन पांढराफटक पडला होता. परवा दुधाचा दात पडला, तेव्हापासून हिरडी वाहतच होती. एरवी सरपंचालाही चार शब्द सुनावणारी धोंडाबाई आज बाबापुढं हात जोडून बसली होती. तिचा धाकटा भाऊ सोमाजी लहानपणी असाच रक्त वाहून गेला होता. त्यालाही एका देवऋष्यानं चीर दिली होती. ती भिजलेली वाकळ तिला अजून दिसायची.

बाबा वस्तऱ्यावर फुंकर मारत मंत्र पुटपुटू लागला, ते संपता संपेनात. धोंडाबाईची नजर ताटावर खिळली. जत्रेतल्या बोकडाची रक्ती तिनं जन्मभर रांधली होती. कांदा चिरून होईस्तोवर ताटातलं रक्त वडीसारखं थिजतं. हे तर हिंदकळत होतं.

"बाबा, हे गोठंना कसं?"

"करणीचं रगत गोठत नसतं, म्हातारे!"

पोराचंही कुठं गोठत होतं? खरंच असलं तर? तरी तिनं बोट बुडवून पदराला पुसलं. हा रंग ओळखीचा होता. हळदीच्या डागाला साबण लागला की असाच लाल होतो. तिनं बाबापुढचं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि ताटात पिळलं.

लाल पाणी पिवळं झालं.

"हळद अन् चुन्याची निवळी!" ती कडाडली. "मेल्या, यापायी माझ्या पोराला चिरणार व्हतास? ठेव तो वस्तरा, न्हाईतर तुझीच हजामत करते!" मग जावयाकडं वळून म्हणाली, "पावणं, बघताय काय? जीप आणा!"

ओतूरच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीवर पट्टी दाबून धरली आणि पोराला तसंच पुण्याला धाडलं. तिथं आजाराचं नाव कळलं: हिमोफिलिया.

"रक्त गोठवणारं फॅक्टर आठ नावाचं द्रव्य याच्यात कमी आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "ते शिरेतून द्यावं लागतं. नीट सांभाळलं तर शाळेत जाईल, मोठा होईल. हा आजार बहुधा आईकडून येतो, आणि तिला तिच्या आईकडून आलेला असू शकतो; त्या घराण्यातल्या इतर मुलग्यांनाही तो होऊ शकतो. दोष कुणाचाच नाही."

धोंडाबाई भिंतीला टेकली.

"म्हंजी आमच्या सोमाला करणी नव्हती," ती हळूच म्हणाली. "त्याला आमीच चिरू दिलं."

आता दर जत्रेत ती त्याच देवळापुढं ताट मांडते. हळद, निवळी, लाल पाणी. लिंबू सुदर्शन पिळतो.

"भ्या समद्यांनाच वाटतं, बायांनो," ती सांगते. "मलाबी वाटलं. पण भ्यालात तरी डोळं मिटू नका. पोराचं रगत थांबंना, तर आधी दवाखाना गाठा."