नोआकच्या घरचा स्टोलन

मृत्यूवर माणसाने आजवर एकच निर्विवाद विजय मिळवला आहे, आणि तो ड्रेस्डेनच्या उत्तरेला, विमानतळाच्या रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात मिळवला. हा विजय कॉफीच्या पुडीला पुरतो. फार तर गोळ्यांच्या पाकिटाला. त्यापुढे आम्ही हमी देत नाही, आणि तसं माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

आतला माल नासू नये म्हणून आम्ही पाकिटांच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर तिच्याहून पातळ थर चढवतो. खोलीएवढं पोलादी पिंप असतं. त्यातली हवा उपसून काढायची, मग आत तापलेल्या पत्र्यावर एका द्रवाचे तुषार सोडायचे. त्यांची क्षणात वाफ होते, ती थंडगार रुळावरून सरकणाऱ्या फिल्मवर जाऊन बसते आणि वर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की बसल्या जागी प्लास्टिक होऊन घट्ट होते. त्यावर काचेसारखा एक कठीण थर. मग पुन्हा वाफ, पुन्हा काच. एक मऊ, एक कठीण, अशी जोडी. काचेच्या थराला बारीक भोकं राहतातच; पण खालच्या थरातलं भोक आणि वरच्या थरातलं भोक समोरासमोर येत नाही. पाण्याचा कण एका भोकातून आत शिरला की पुढचं भोक शोधत हिंडत बसतो. जुन्या साम्यवादी राजवटीत सरकारी घरासाठी अर्ज केलेल्या माणसांना हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

ते पिंप झिगमार नोआक चालवायचा. मी मोजमाप विभागात. म्हणजे तो भिंत बांधायचा आणि भिंतीतून काही जातं का, ते मी बघायचो. दोघांची उमेदीची वर्षं ह्यात गेली.

पिंपाच्या कामात एक नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळतात: उघड्या बोटाने कशालाही शिवायचं नाही. एका ठशातला घाम आणि तेल आत दिवसभर वाफाळत राहतं आणि तेवढ्या जागी थर बसत नाही. झिगमारने हा नियम घरीही नेला होता. काचेचा पेला तो कडेला धरून उचलायचा. त्याची बायको ट्राउडेल चारचौघांत सांगायची, "लग्नात माझा हात धरायच्या आधी ह्याने खिशात हातमोजे चाचपले होते. मी बघितलंय."

ट्राउडेल नोव्हेंबरात गेली. बेकरीतून येताना ट्राममध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यावर उठली नाही.

बेकरीत ती स्टोलनचं सामान देऊन आली होती. नाताळचा हा पाव आमच्याकडे कोणी विकत आणत नाही. निदान विकत आणला असं सांगत नाही. रममध्ये मुरवलेल्या मनुका, बदाम, लिंबाच्या साली, लोणी, सगळं घरून न्यायचं आणि बेकरने फक्त मळून भाजायचं. देश दुभंगून मध्ये भिंत होती तेव्हा ह्या मनुका पश्चिमेतल्या आत्या-मावश्या पार्सलने पाठवायच्या. त्या दुसऱ्याच्या पावात गेल्या तर दोन घरांतलं बोलणं बंद व्हायचं. म्हणून प्रत्येक घराचा एक जस्ताचा बिल्ला असे, त्यावर आडनाव ठोकलेलं. तो सामानाबरोबर द्यायचा आणि भट्टीत घालण्याआधी बेकर तो कणकेत खुपसायचा. भिंत पडली, मनुका कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागल्या, पण बिल्ले राहिले. विश्वास काही दुकानात मिळत नाही.

भाजून झाल्यावर बेकर पावावर पातळ केलेलं लोणी फासतो, त्यावर साखर, पुन्हा लोणी, पुन्हा पिठीसाखर. एक मऊ, एक कठीण. आमची युक्ती त्याच्याकडे आमच्या आजोबांच्या काळापासून होती. पिंप तेवढं नव्हतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी बेकरीतून निरोप आला, "तुमचा पाव तयार आहे." झिगमार गेला. बेकरची बायको रडत होती, तिने डोळे पुसत परात त्याच्या हातात दिली. त्याने हातमोजे घातलेलेच होते.

पुढच्या सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला.

"एकार्ट, स्टोलन किती टिकतो?"

"खाईपर्यंत."

"विनोद नको करू."

"तीन-चार महिने टिकतो. काय झालं?"

"ट्राउडेलचा आहे. शेवटचा."

"मग कापा की नाताळाला. तू आणि ऊटे." ऊटे त्याची मुलगी, हॅम्बुर्गला असते.

"कापला की संपतो," झिगमार म्हणाला.

ह्यावर माझ्या विभागात कुठलंही उपकरण नव्हतं. मी तांत्रिक बाजूने जाऊन पाहिलं. म्हटलं, "झिगमार, आपली भिंत बाहेरच्याला अडवते. इथे ओल आतच आहे. मनुका रम पिऊन बसल्यात."

"रम नासत नाही."

"बुरशी?"

"नायट्रोजन भरू. हवा नाही तर बुरशी कुठली? मी सगळा विचार केलाय. तू फक्त फिल्म तपासून दे."

साहेबांची परवानगी लागायची. डॉक्टर हेबर्ले हे एकीकरणानंतर आम्हाला सुधारायला पश्चिमेतून आलेल्यांपैकी, त्यांतले बरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रोलचं शेवटचं टोक आपण टाकूनच देतो ना? घ्या की. पण नोआक, तारीख लिहून ठेवा. टिकला तर गिऱ्हाइकांना दाखवता येईल."

"दाखवायचा नाहीये तो, साहेब."

"बरं, नका दाखवू. तारीख तरी लिहा."

गिऱ्हाइकं दोन जोड्यांवर खूश असायची. झिगमारने सहा चढवल्या. प्रत्येक फेरीआधी त्याने पिंप आतून पुसलं आणि हवा नेहमीपेक्षा दुप्पट वेळ उपसली. मी खिडकीशी उभा होतो. आत जांभळा उजेड, त्यात फिल्म सरकत होती आणि तिच्यावर काहीतरी बसत होतं जे दिसत नव्हतं. आमच्या धंद्यात काम नीट झालं तर दिसण्यासारखं काही उरत नाही. झिगमारने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मीही धरली. दोन टोप्या आणि एक पिंप. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, कोणाला तरी निरोप देतायत. त्याचं फारसं चुकलं नसतं.

फिल्म मी कॅल्शियमने तपासली. फिल्मखाली कॅल्शियमचा ठिपका ठेवतात. तो चांदीसारखा चमकतो, आणि पाणी पोचलं की विरून पारदर्शक होतो. उरलेला तुकडा मी उष्ण-दमट कपाटात टाकून ठेवला. नेहमीच्या फिल्मखालचे ठिपके पुढे वसंतापर्यंत नाहीसे झाले. झिगमारच्या फिल्मखालचा ठिपका उन्हाळ्यातही आरशासारखा होता. त्यात मला माझं नाक दिसायचं. इतकी चांगली फिल्म आम्ही आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. हेबर्लेसाहेब म्हणाले, "हीच गिऱ्हाइकांना का देत नाही आपण?" मी म्हटलं, "त्यासाठी प्रत्येक वेळी कोणाची तरी बायको जावी लागेल, साहेब." ते हसले नाहीत. बरे होते, म्हटलं ना.

स्टोलन बांधून झिगमारने बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला. वर छोटा दिवा लावला. फिल्म इतकी स्वच्छ की आत पाव नुसता पडलाय असं वाटावं, पांढराशुभ्र, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा. जिन्यातली सगळी बिऱ्हाडं एकेक करून बघून गेली. वरच्या मजल्यावरच्या लीबशरबाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्या. काहीतरी बोलायला म्हणून आल्या होत्या. कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी "फार पांढरा राहिलाय हो," एवढंच म्हणाल्या, आणि रुमाल डोळ्याला लावून गेल्या. ट्राउडेलची त्यांची जुनी मैत्री होती.

ऊटे दर नाताळाला येई. पहिल्या वर्षी ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी बटाट्याचं सॅलड वाढता वाढता म्हणाली, "पपा, आई ह्याच्यावर ओरडली असती."

"कशावर?"

"खाण्याची वस्तू कपाटात ठेवलीय म्हणून."

"ती असती तर ठेवली नसती."

तिसऱ्या वर्षी तिने सॅलड वाढलंच नाही.

"मी तुमच्याकडे येते, पपा. पावाच्या दर्शनाला नाही येत. आईने तो आपण खावा म्हणून करायला टाकला होता. तुम्ही मला तीन वर्षं दुकानातली बिस्किटं घालताय. ह्या नाताळात कापा, नाहीतर पुढच्या वर्षी मी हॅम्बुर्गलाच राहीन. हे मी रागाने बोलत नाहीये."

खरंच ती रागाने बोलली नव्हती. म्हणून झिगमार घाबरला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. "ये. मला एकट्याने नाही जमायचं."

मी गेलो तेव्हा टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. झिगमारने हातमोजे घातले, मलाही दिले. ऊटेकडे त्याने नुसतं पाहिलं.

"मी नाही घालणार," ती म्हणाली. "मी जेवायला बसलेय."

फिल्मला कात्री लावताना त्याचा हात थांबला. मी हात पुढे केला, त्याने मान हलवली आणि स्वतःच कापली. आतून वास आला: लोणी, लिंबाची साल, रम. कुजकं काही नाही, कुबट काही नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी आकडे पुष्कळ पाहिले, पण आमचं काम नाकाला कळण्याची ही पहिलीच वेळ. ऊटेने डोळे मिटले.

"आईच्या स्वयंपाकघरासारखा वास येतोय," ती म्हणाली.

झिगमारने सुरी घेतली आणि बरोबर मधोमध टेकवली. सुरी अर्ध्यात गेली आणि टक् असा आवाज झाला.

"बदाम असेल," मी म्हटलं.

"पपा, बिल्ला! तुम्ही बिल्ला काढला नव्हता?"

पाव घरी आला की बाई सगळ्यात आधी साखरेत बोट घालून आपला बिल्ला उपटते. आमच्या गावात शेंबडं पोरही हे करतं. पण ते उघड्या बोटाने.

"मी शिवलोच नाही त्याला," झिगमार म्हणाला.

त्याने हातमोज्याच्या अंगठ्याने साखर हळूच बाजूला सारली. जस्ताच्या कडेभोवती पाव फुगून आलेला होता. अक्षरं एकेक करून वर आली. ती नोआक अशी नव्हती.

लीबशर.

मग ऊटेला हसू फुटलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांच्या आड ते हसूच राहिलं की आणखी काही झालं, ते मला दिसलं नाही. झिगमार बिल्ल्याकडे बघत होता, माझं काही मोजमाप चुकलं की बघायचा तसा. मग त्याने बिल्ला उपटला, बशीत ठेवला, हातमोजे काढून टेबलाच्या कडेला नीट एकावर एक ठेवले आणि जिना चढायला लागला. आम्ही मागोमाग.

लीबशरबाईंनी दार उघडलं. बशी पाहिली. तशाच आत गेल्या. स्वयंपाकघरातला खण उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी त्याच बशीत दुसरा बिल्ला ठेवला. नोआक.

"केव्हापासून आहे हा तुमच्याकडे?" झिगमारने विचारलं.

"त्याच नाताळापासून. घर पाहुण्यांनी भरलेलं, बिल्ला काढायचा राहून गेला. मेव्हण्याच्या दाताखाली आला. तोवर अर्धा संपला होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आले होते की, नोआक. उरलेला अर्धा घेऊन यायचं मनात होतं, तर पोरांनी तोही संपवला. मग म्हटलं, निदान सांगावं. तर तुम्ही त्याच्यावर दिवा लावून बसला होतात. दिव्याखाली ठेवलेल्या वस्तूला कोणी म्हणतं का, हा माझा आहे म्हणून?"

"तीन वर्षं, लीबशरबाई?" ऊटे म्हणाली.

"दर वर्षी वाटायचं, आता नासेल, मग आपोआप मिटेल. नासतच नव्हता, बाई! करता काय तुम्ही लोक त्या कारखान्यात?"

झिगमारने स्वतःच्या घरचा बिल्ला उचलला. उघड्या बोटांनी. सामानाबरोबर बेकरीत देताना ट्राउडेलने तो शेवटचा हातात धरला होता. अंगठ्याने अक्षरांवरून पुन्हा पुन्हा चोळत तो उभा राहिला. ठसे पडत होते आणि तो पडू देत होता. तिचा पाव खाल्ला गेला होता, ज्या नाताळाला खायचा त्याच नाताळाला, भरल्या टेबलावर. आता फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची उरली होती, आणि ती ह्या एकाच बाईला ठाऊक होती.

"कसा झाला होता?" त्याने विचारलं.

लीबशरबाई खोटं बोलायच्या नाहीत. त्या तीन वर्षांत नुसत्या गप्प होत्या. त्यांनी नीट आठवून पाहिलं.

"जरा कोरडा होता," त्या म्हणाल्या.