मास्तरीणबाई गाडी विकायला निघतात

मास्तरीणबाईंना कर्ज म्हटलं की अन्न गोड लागत नसे. नवरा गेल्यावर एका जुन्या गाडीवर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल उभं केलं, अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं, पण कुणापुढे हात पसरला नाही. पसरला तो एकदाच, बँकेपुढे, लेकीला रसायनशास्त्र शिकवायचं म्हणून. आता हप्ता जायचा लेकीच्या पगारातून आणि झोप उडायची आईची.

शेवटी बाईंच्या मनानं घेतलं. गाडी विकायची आणि एकदाचं मोकळं व्हायचं. बेकरीवाल्यानं विसारही दिला. गाडीच गेली तर शिकवणार कशावर, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता असं नाही, पण तो त्यांनी पुढे ढकलला. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली, अशी ही बाई.

अडलं ते बँकेत. मुदतीआधी कर्ज बंद करायचं तर लेकीची सही हवी. लेक, म्हणजे ठमी, कामावर होती. संध्याकाळपर्यंत थांबायचा धीर बाईंकडे कुठला असायला? कागद पिशवीत टाकला आणि गाडी थेट पाणीपुरवठा केंद्राच्या दारात नेऊन उभी केली.

ठमीची प्रयोगशाळा म्हणजे पंपघराला चिकटलेली एक लांबोडकी खोली. भिंतीपलीकडे पंपांची घरघर, टेबलावर ओळीनं बाटल्या, आणि नाकात जाणारा क्लोरीनचा वास. बाई दारातच थबकल्या, कारण आत चांगलीच जुंपली होती. ठमीसमोर पिकल्या केसांचे अभियंता उभे होते आणि त्यांचा फोन वाजायचा थांबत नव्हता.

"फुटलेली लाइन जोडून झालीय," ते म्हणत होते. "लोक सकाळपासून कोरड्या नळाखाली बादल्या लावून बसलेत. मी पाणी सोडतो."

"अजून नाही, साहेब. दुरुस्तीच्या वेळी आत माती गेलीय. पाणी गढूळ येतंय, क्लोरीन टिकत नाही. लाइन परत धुवायला सांगा."

"वरून फोनवर फोन येतायत, कल्पना आहे का तुला?"

"फोन मला द्या, मी बोलते. पण हे पाणी मी पोरांच्या पोटात जाऊ देणार नाही."

पोरीनं आवाज तसूभरही चढवला नव्हता. गेली आता नोकरी, बाईंना वाटलं. पण साहेबांनी कपाळाला हात लावला, काहीतरी पुटपुटले आणि लाइन परत धुवायला सांगायला निघून गेले.

हे काम बाईंच्या ओळखीचं होतं. शिकाऊ माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊन त्या शेजारी बसतात तेव्हा दुसरा ब्रेक त्यांच्या पायाखाली असतो. त्यांची ठमी इथे अख्ख्या शहराच्या शेजारी तशीच बसली होती. बाईंना काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

पण हट्ट तो हट्टच. त्यांनी कागद पुढे केला. "सही कर. गाडीचे पैसे येतायत, कर्ज मिटवून टाकू."

ठमीनं कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "आई, जेवताना कितीदा सांगितलं मी तुला? विज्ञानाची पदवी घेऊन इथे तीन वर्षं टिकलं की उरलेलं कर्ज सरकार भरतं. माझी तीन वर्षं झाली, अर्ज गेलाय. निकाल लागेपर्यंत कर्ज चालू असायला लागतं. तू आज ते बंद केलंस की ती मदतही गेली आणि तुझी गाडीही गेली."

"सरकार बरं कुणाचं कर्ज भरेल? आणि भरलं तरी ते फुकटचं. आपल्याला नको."

आता मात्र ठमीचा पारा चढला. "फुकटचं कसं? रंगाच्या कंपनीवाले मला दुप्पट पगार देत होते. मी गेले नाही. इथे कुणी टिकत नाही, म्हणून तर ही योजना काढलीय. मी टिकले, आई. आणि तू त्याला भीक म्हणतेस, याचं मला फार वाईट वाटतं."

"दुप्पट?" बाईंचा जीवच कळवळला. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर हाताला धरून तिथे नेऊन बसवलं असतंस."

हे खरं होतं, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं.

लाइन धुऊन झाल्यावर पाण्याचा नवा नमुना आला. ठमीनं तो तपासला, पुन्हा तपासला, आणि मग साहेबांना फोनवर म्हणाली, "सोडा आता." भिंतीपलीकडचा आवाज वाढला. शहराच्या नळांकडे पाणी निघालं होतं, एका पोरीच्या शब्दावर. बाईंनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी त्यांनी विसार परत केला. बेकरीवाला म्हणाला, "बाई, असं गिऱ्हाईक परत मिळायचं नाही. आणि अर्ज नामंजूर झाला तर?"

"तर हप्ते भरू. पोरगी खमकी आहे माझी."

बोलून गेल्या खऱ्या, पण पुढचे काही दिवस जीव टांगणीला लागला. सगळा राग निघाला तो गाडी शिकणाऱ्यांवर.

आणि एका दुपारी शिकवणी चालू असताना कोपऱ्यावर ठमी दिसली. अंगात प्रयोगशाळेचा कोट तसाच, चेहरा फुललेला. बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरल्या.

"मंजूर झालं, आई. सगळं."

बाईंनी भर रस्त्यात लेकीला मिठी मारली. मागे हॉर्न वाजत होते, स्टिअरिंगवरचा शिकाऊ घाबरून पांढरा पडला होता. वाजू देत, म्हटलं बाईंनी.

पैसे जमा झाल्यावर दोघी बँकेत गेल्या. कारकून हसून म्हणाला, "नशीबवान आहात. सरकारनं फेडलं तुमचं कर्ज."

"पैसे सरकारचे," बाई म्हणाल्या. "फेडलं हिनं."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. "आई, हळू," ठमी कुजबुजली.

"हळू का बोलू? तीन वर्षं या शहराला चांगलं पाणी पाजलंय हिनं. तुम्हीही तेच प्यायलात, साहेब."

कारकुनाला हसावं की माफी मागावी कळेना. तो उठून उभा राहिला आणि कर्ज संपल्याचा दाखला त्यानं जामीनदार म्हणून बाईंच्या पुढे धरला. बाईंनी हात लावला नाही. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"तिच्या हातात द्या," त्या म्हणाल्या. "कमाई तिची आहे."