अकरावा प्रश्न

"पालथी झोपवू नका तिला," मी म्हणालो. "आधी बसू दे."

पण तिच्या सासूबाईंना कुठला धीर! शिवणकारखान्यात काम करणाऱ्या आपल्या सुनेला त्यांनी आणि तिच्या दिराने दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं होतं. माझं टेबल दिसलं की माणसाला त्यावर पालथं घालायचं, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं.

"तुम्ही एकदा कट्कन आवाज काढा, म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारणीचा काढलात ना, तसा. दुसऱ्या दिवशी जिना चढली ती."

ही शेजारीण माझी फुकट जाहिरात करते आणि त्यातली निम्मी थाप असते. बाहेर पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असं लिहिलंय, पण तो शब्द उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मला सगळे मणकेवाले डॉक्टर म्हणतात. मीही आता फोनवर तसंच सांगतो.

सुनेला खुर्चीत बसवून मी कागद पुढे ओढला. टेबलाला हात लावण्याआधी मी प्रत्येकाला तेरा प्रश्न विचारतो. कुठे दुखतं, कधीपासून, खोकल्यावर कळ पायात उतरते का. मग टाचांवर चालायला लावतो, चवड्यांवर चालायला लावतो. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबली, की कळ कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत जाते. लोक त्याला सायटिका म्हणतात. बहुतेकांचं ते माझ्या हाताने, व्यायामाने आणि खरं सांगायचं तर नुसते दिवस गेल्यानेही बरं होतं. अकरावा प्रश्न उरलेल्या एखाद्यासाठी असतो.

"दोन्ही पाय दुखतात?" मी विचारलं.

"दोन्ही. परवापासून."

"लघवी शेवटची कधी झाली?" हा अकरावा.

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या न्हाणीघराचं दार ढकललं होतं. दीर भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र एकाग्रतेने वाचू लागला.

"कंबर दाखवायला आलोय आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "ह्या कसल्या चौकशा?"

"होते की," सून जमिनीकडे बघत म्हणाली.

ते 'होते की' मला पुरलं नाही. मी दिराला बाहेर बसायला सांगितलं. मग सासूबाईंनाही.

"मी? मी काय परकी आहे?"

"परक्या नाही, म्हणूनच बाहेर बसा."

त्या पुटपुटत गेल्या. खोलीत मी, सून आणि माझ्या मदतनीस सिस्टर उरलो. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती रडायलाच लागली.

"काल दुपारपासून नीट होत नाहीये. आणि बसलं ना, की खाली काही कळतच नाही. बधिर झालंय सगळं. सांगणार कुणाला? भाऊजी गाडी चालवत होते."

मी तिला पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं आणि बोटाने खाली दाबला. अंगठा मुकाट्याने खाली गेला. मणक्याच्या तळाशी नसांचा सगळा जुडगा दाबला गेला होता; अशा वेळी लगेच ऑपरेशन झालं नाही, तर पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जातो. मी तिच्या पाठीला बोटही लावलं नाही. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनला फोन केला, चिठ्ठी लिहिली आणि दिराच्या हातात देऊन म्हणालो, "घरी जायचं नाही. इथून सरळ तिकडे. आजच्या आज."

"म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?" सासूबाई भडकल्या. "एवढ्या लांबून आणलं तिला!"

मी भांडलो नाही. एरवी मी गप्प बसणाऱ्यातला नाही, सिस्टरला विचारा. पण त्या वेळी भिंतीपलीकडून मला पाय ऐकू येत होता.

तो वहिनींचा पाय. दवाखान्याच्या मागेच आमचं घर आहे आणि दादा गेल्यापासून वहिनी आमच्याकडेच असतात. डावं पाऊल नीट पडतं. उजवं उचललं जात नाही, ते फरशीवर चपकन आपटतं. हा आवाज अकरा वर्षं माझ्या कानात आहे. वहिनी लेकीकडे गेलेल्या असतात, तेव्हाही तो येतो. मी पेशंटच्या पाठीवर हात ठेवलेला असतो आणि तसाच थांबतो. सिस्टरला वाटतं, डॉक्टर मणक्याचा अंदाज घेताहेत.

अकरा वर्षांपूर्वी दादा वहिनींना घेऊन आला होता. त्याच टेबलावर. माझं लग्न ठरवणाऱ्या, माझ्या आजारपणात उशाशी बसणाऱ्या वहिनी. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, आणि त्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसलो नव्हतो. दहा प्रश्न विचारले. अकराव्याशी माझी जीभ अडली. वहिनींना कसं विचारायचं? मी विचारलंच नाही. कागदावर 'त्रास नाही' या चौकोनात माझ्या हाताने खूण केली आणि बाराव्यावर गेलो. मग त्यांना कुशीवर वळवून मणका बसवला. कट्कन आवाज आला. "हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. उशीर झाला होता. माझ्या हातांनी वाढलं की आधीच तेवढं होतं, हे सर्जनलाही सांगता आलं नाही. मला तर ते कधीच कळणार नाही. पण विचारलं असतं तर त्याच दिवशी नेलं असतं, एवढं मला पक्कं माहीत आहे आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरात सगळे म्हणत, नशीब. मीही मान हलवत असे. लाज वाटते सांगायला, पण त्या शब्दाच्या आड मी अकरा वर्षं आरामात बसलो.

दीड वाजता इस्पितळातून फोन आला. सुनेला ऑपरेशनसाठी आत घेतलं होतं. "वेळेत पाठवलीत," सर्जन म्हणाला. सिस्टरने हात जोडले. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त वहिनी दिसत होत्या.

मी घरात गेलो. वहिनी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या.

"उशीर केलात, भाऊजी."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सुनेचं, सासूबाईंचं, फोनचं. आणि थांबलो नाही म्हणून पुढचंही सांगून झालं. "तेव्हा तुम्हाला एक विचारायचं होतं, वहिनी. विचारायलाच हवं होतं. मी लाजलो आणि स्वतःच 'नाही' लिहिलं. ते नशीब नव्हतं. माझी चूक होती."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सकाळपासूनच बंद झालं होतं. ह्यांना सांगायचा धीर होईना. म्हटलं, भाऊजी डॉक्टर आहेत, विचारतील, तेव्हा सांगू. टेबलावर पडून वाटच बघत होते. तुम्ही विचारलं नाहीत, तेव्हा वाटलं, म्हणजे ते काही महत्त्वाचं नसेल."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि टेबलाला धरून उठल्या. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी, त्यांना न्हाणीघरात जाऊन नळीने लघवी काढावी लागते. त्या वेळी घरातले सगळे काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जातात. इतकी वर्षं सगळ्यांत आधी मीच जायचो.

आज मी जागचा हललो नाही. त्या माझ्यासमोरून गेल्या. कडी लागली. नळाचं पाणी सुरू झालं.

"भाऊजी," आतून आवाज आला, "जेवून घ्या. गार होतंय."

"तुम्ही या," मी म्हणालो. "मी थांबतो."