तिसरा स्क्रू

शशिधरच्या वाट्याला आलेल्या कौतुकाची मोजदाद राफाएल पेणकरने अगदी चोख ठेवली होती. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो: दोनदा. शेजारच्या मिसेस प्रिचर्डकडून चौकशी: रोज. आणि खुद्द राफाएलच्या घरात त्याच्या बायकोने, फ्लोराने, फोटोचं कात्रण डाळीच्या डब्याला टेकवून उभं केलं होतं, ते वेगळंच.

१९७३चा डिसेंबर होता. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावाबाहेरच्या एका शेडमध्ये अंतराळ स्थानकाची नक्कल म्हणून लोखंडी केबिन उभी केली होती आणि तीत चार माणसं एकवीस दिवसांसाठी कोंडली होती. शशिधर त्यांचा फ्लाइट इंजिनियर. पंखा, पंप, पाणी, हवा, जे बिघडेल ते त्याने आतल्या आत दुरुस्त करायचं. यंत्रं मात्र सगळी राफाएलने बसवलेली, त्यामुळे ती जागा आपलीच असं तो धरून चालला होता. पण निवडीच्या वेळी डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं आणि ग्लासगोला तीन वर्षं राफाएलबरोबर एका खोलीत काढलेला शशिधर बोलून गेला, "हा घोरतो. शेजारची म्हातारी भिंतीवर काठी आपटायची." झालं! राफाएल बाहेर, माइकसमोर.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी अडीचला स्पीकर खरखरला.

"कंट्रोल, हवेचा पंखा बंद पडलाय," आतून शशिधर म्हणाला.

राफाएलला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण ती जरा मागाहून आली.

नियम सोपा होता. बाहेरच्याने दुरुस्तीच्या यादीतलं एकेक वाक्य वाचायचं, आतल्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच हात लावायचा. बोललेला शब्द न् शब्द रजिस्टरमध्ये जायचा. दोन तासांत पंखा फिरला नाही, तर दार उघडायचं. प्रयोग संपला.

यादी राफाएलनेच केली होती. तो वाचत गेला, शशिधर म्हणत गेला. जुना पंखा निघाला, नवा बसला, चारही स्क्रू आवळले. बटण दाबलं. पंखा गुरगुरला आणि थांबला.

राफाएलला ठाऊक होतं. नव्या पंख्याचा तिसरा स्क्रू अर्धा फेरा सैल सोडावा लागतो, नाहीतर पातं कडेला घासतं. यादीत ते नव्हतं. यादी केली तेव्हा आत आपणच असणार या खात्रीने त्याने ती गोष्ट डोक्यातच ठेवली होती.

"पुन्हा पहिल्यापासून?" शशिधरने विचारलं. दमला होता बिचारा.

"पुन्हा," राफाएल म्हणाला.

पंखा पुन्हा गुरगुरला, पुन्हा थांबला. प्रमुख मिस्टर ह्यूज घड्याळ बघू लागले. साडेतीन. राफाएलने काही करायचंच नव्हतं. अजून तासभर गप्प बसलं की दार उघडेल, शशिधर खाली मान घालून बाहेर येईल आणि कात्रणात चणे बांधता येतील. घरी फ्लोरा ज्यूंच्या शब्बाथचे, शुक्रवार संध्याकाळचे दिवे लावून वाट बघत बसेल. जेवताना पहिला प्रश्न काय येणार, तेही त्याला पाठ होतं.

"राफा," शशिधर एकदम मराठीत बोलला, "माझंच काहीतरी चुकतंय रे. माझ्या जागी तू हवा होतास."

हे ऐकायला राफाएल दहा दिवस तरसला होता. ऐकलं, आणि तोंड कडू झालं.

"तिसरा स्क्रू," तो म्हणाला. "अर्धा फेरा सैल कर."

"हे यादीत नाहीये."

"नाहीये. मी लिहिलंच नाही. गाढवा, परत म्हण आधी!"

"तिसरा स्क्रू, अर्धा फेरा सैल," शशिधर म्हणाला. पंखा फिरला. आतल्या बाकीच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात शशिधरसाठी.

ह्यूजसाहेबांनी पेन उघडलं. "मिस्टर पेणकर, तुमच्या भाषेतलं ते सगळं इंग्रजीत सांगा. रजिस्टरला हवंय."

मग राफाएलने आपली चूक दुसऱ्यांदा, सावकाश, लिहून घेता येईल अशी सांगितली. फक्त 'गाढवा' तेवढं वगळलं.

तो घरी पोचला तेव्हा दिवे लागून गेले होते. फ्लोराने मासळीचं कालवण पुढे सरकवलं.

"अहो, उशीर झाला? शशीभावजी बरे आहेत ना?"

"बरा आहे," राफाएल म्हणाला. "अजून अकरा दिवस बरा राहील. मीच सोय करून आलोय."