सिस्टरच्या खिशातला आरसा

मी एक जुना हातआरसा आहे. तळहाताएवढा, गोल, निळ्या प्लास्टिकच्या चौकटीतला. माझी मूठ केव्हाच तुटली आणि कडेनं काळे डाग धरू लागलेत. मित्रांनो, माझ्यात डोकावणारा प्रत्येक जण स्वतःला बघतो आणि निघून जातो. आमची जातच तशी एकटी. म्हणून माझी हकीकत सांगायची तर मला एका बाईंचीच हकीकत सांगावी लागेल. त्यांचं नाव करुणा. दवाखान्यात सगळे त्यांना करुणा सिस्टर म्हणत.

माझा जन्म दूरच्या एका काचेच्या कारखान्यातला. काचेच्या मोठ्या तक्त्यातून मला गोल कापलं, कडा घासल्या, पाठीला चकाकी दिली आणि खोक्यात भरून औरंगपुऱ्याच्या बाजारात पाठवलं. तिथं मुबारकभाईंच्या बांगड्यांच्या दुकानात मी एका खिळ्याला लटकत होतो. कॉलेजच्या मुली यायच्या, माझ्यासमोर कानातलं धरून बघायच्या आणि कानातलं घेऊन जायच्या. मला कुणी नेत नव्हतं.

एके दिवशी साध्या सुती साडीतली एक तरुण बाई आली. मुबारकभाईंनी तिच्यापुढं नक्षीचा मोठा आरसा धरला. "ये लो बहनजी, पूरा चेहरा दिसेगा."

"मोठा नको, भाई. एप्रनच्या खिशात बसंल असा द्या. मला नाही, पेशंटला लागतो."

मुबारकभाईंना ते काही उमजलं नाही. मलाही नाही. पण मी त्या खिशात गेलो आणि कामाला लागलो.

करुणा सिस्टर शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात होत्या. माझं पहिलं काम बाळंतिणींच्या वॉर्डात. कहकशा नावाची पहिलटकरीण दोन्ही हातांनी बाळ धरून रडत बसली होती आणि तिची आई हवालदिल झाली होती. "सिस्टर, बच्चा दूध नै पीरा." करुणा सिस्टर पलंगावर टेकल्या. त्यांनी मला बाळाच्या हनुवटीखाली असं धरलं, की कहकशाला वरून न दिसणारे बाळाचे ओठ माझ्यात दिसावेत. "बघ, खालचा ओठ आत दुमडलाय. बोटानं हळूच बाहेर काढ. मी नाही करणार, तूच कर." कहकशानं केलं. थोड्या वेळानं घोट गिळल्याचा बारीक आवाज आला आणि तिची आई "या अल्लाह" म्हणत खुर्चीत बसली.

सिस्टरांची ती रीतच होती. जे माणसाला स्वतःला जमण्यासारखं आहे, ते त्या शिकवायच्या आणि हात मागं घ्यायच्या.

लाइबाच्या वेळी मात्र मला फार दिवस गप्प पडून राहावं लागलं. ती दहावीतली मुलगी. उकळतं तेल उडून तिचा एक गाल भाजला होता. जखम भरत आली, तरी ती खिडकीच्या काचेकडंसुद्धा बघेना. सिस्टरांनी मला तिच्या उशाजवळच्या कपाटावर पालथं ठेवलं. "हा इथं राहील. तुला वाटंल तवा सुलटा कर. नाही वाटलं तर राहू दे तसाच."

मी लाकडात तोंड खुपसून पडून राहिलो. वरून औषधांचे वास जात, पावलं जात. आरशाला पालथं ठेवणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. एका दुपारी वॉर्ड शांत असताना तिनं मला उचललं. आधी फक्त कान बघितला. मग कानातली रिंग. मग गाल. ती खूप रडली. सिस्टर आल्या, शेजारी बसल्या. छान दिसतेस असं खोटं त्यांनी म्हटलं नाही. तिचं रडणं सरल्यावर मलमाची ट्यूब तिच्या हातात दिली. "रोज आंघोळीनंतर तू स्वतः लावायचं. कुठवर लावायचं ते आरशात बघून कळंल." लाइबानं डोळे पुसले आणि झाकण उघडलं.

आणि मग कडुबा. कन्नड तालुक्यातला म्हातारा, साखर कारखान्यात आयुष्य गेलेलं. साखरेच्याच आजारानं त्याच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. बायको वारलेली, लेकरू नव्हतं. सिस्टरांनी मला त्याच्या तळपायाखाली धरलं तेव्हा तो चिडला.

"पाय काय बघायचा, सिस्टर? पाय चालायला असतो."

"मामा, तुमच्या पायाला आता दुखणं कळत नाही. काटा मोडला तरी तो तुम्हाला सांगणार नाही. म्हणून रोज सकाळी तुम्हीच बघायचं. चिरलंय का, लाल झालंय का, कुठं फोड आलाय का."

"बघणारं कुणी नाय घरात."

"म्हणून तर आरसा म्हणते मी."

कडुबा बराच वेळ माझ्यात आपला तळवा बघत राहिला. "लई वर्षं झाली, ह्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. सिस्टरांनी त्याच्यासाठी माझ्यासारखाच एक आरसा आणवला आणि त्याच्या पिशवीत घातला.

अशी वर्षं गेली. माझी मूठ तुटली तेव्हा सिस्टरांनी चौकटीला चिकटपट्टी गुंडाळली, पण मला टाकलं नाही. मग त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, सगळ्यांचा एक फोटो. घरी निघताना त्यांनी मला पर्समध्ये टाकलं.

सिडकोतल्या त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा एकटं बघितलं. यजमान आधीच गेले होते. मुलगा सुयश पुण्याला नोकरीला. सिस्टरांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी खिळ्याला अडकवलं. सकाळी केस विंचरायला त्या माझ्यासमोर यायच्या. पुढं पुढं त्यासाठीही येईनाशा झाल्या. बाहेर जायचंच नसेल तर केस कुणासाठी बांधायचे? दुपारी चहा आणि टोस्ट, त्यालाच त्या जेवण म्हणायच्या. सुयशचा फोन आला की मात्र आवाज बदलायचा. "हो रे, झालं जेवण. भाजी केली होती मेथीची." मेथीची जुडी त्या घरात किती तरी दिवसांत आली नव्हती.

त्यांनाही साखरेचा आजार जडला होता. आयुष्यभर लोकांना जे सांगितलं, ते सगळं त्यांना पाठ होतं. पण मी भिंतीवर चेहऱ्याच्या उंचीला होतो. माझ्यात त्यांचे पाय दिसत नव्हते.

उन्हाळ्यात एका भर दुपारी त्या वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या, अनवाणीच. फरशी तव्यासारखी तापलेली असणार. त्यांना काही कळलं नाही. काही दिवसांनी त्या चालताना एक पाय ओढू लागल्या. फरशीवर ओलसर डाग उमटायला लागले. त्या डागांकडं बघायच्या, फडक्यानं पुसायच्या आणि मोजे चढवायच्या. मित्रांनो, मला आवाज असता तर मी त्या वेळी ओरडलो असतो.

खालच्या मजल्यावरच्या रूपानं जिन्यात विचारलं, "काकू, पायाला काय झालं?"

"काही नाही गं, चप्पल लागली."

एका सकाळी दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच राहिली. रूपानं बेल वाजवली, हाका मारल्या. सिस्टरांनी कसंबसं दार उघडलं तेव्हा त्या तापानं फणफणल्या होत्या. "अगं बाई! आधी का नाही बोललात?" म्हणत रूपानं रिक्षा बोलावली. एका कापडी पिशवीत कपडे, कंगवा आणि समोर दिसलो म्हणून मलाही टाकलं.

दवाखाना दुसरा होता, वास तोच. पायाची दोन बोटं काढावी लागली. "अजून थोडा उशीर झाला असता तर पाय गेला असता," डॉक्टर म्हणाले. त्या वॉर्डात मुनिरा नावाची तरुण सिस्टर होती. पट्टी बदलताना तिला मी पिशवीत दिसलो. तिनं मला करुणा सिस्टरांच्या पायाशी धरलं.

"मॅडम, बघा एकदा."

"मला माहीत आहे काय दिसंल."

"माहीत आहे हो तुम्हाला. पण तुम्ही बघितलं नाही."

करुणा सिस्टरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. तिकडंच बघत त्या अगदी बारीक आवाजात बोलल्या. "दुसऱ्याचं करताना कधी कंटाळा नाही आला गं. घरी आल्यावर स्वतःसाठी खाली वाकावंसं वाटंना. वाटायचं, कुणासाठी?"

मुनिरा समजावत बसली नाही. तिनं पट्टी पुरी केली, हात धुतले आणि विचारलं, "आज जेवलात का?"

"नाही."

मुनिरानं खिचडीची वाटी आणली आणि शेवटचा घास होईपर्यंत ती तिथंच बसली. इकडचं तिकडचं बोलली, तिच्या भावाच्या लग्नाचं, महागलेल्या रिक्षांचं. मग कंगवा घेऊन त्यांच्या केसांतला गुंता सोडवायला लागली. सिस्टर डोळे मिटून रडत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर त्यांनी स्वतःच हात पुढं केला. "दे इकडं तो आरसा."

त्यांनी मला पायाखाली धरलं. आणि बघितलं. टाके बघितले, टाच बघितली, राहिलेल्या बोटांच्या बेचक्या बघितल्या.

आता आम्ही पुन्हा त्या घरात आहोत. सुयश येऊन आठवडाभर राहिला आणि परत गेला. मुनिराचा अधूनमधून फोन येतो, रूपा दार वाजवून जाते. बाकीचा दिवस लांबच लांब असतो. तो काही बदलला नाही. पण मी आता भिंतीवर नसतो, खुर्चीशेजारच्या स्टुलावर असतो. सकाळी सिस्टर मला घेऊन खाली वाकतात.

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलं नाही. माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण आपल्या आसपास अशी माणसं असतात, जी सगळ्यांना औषध घेतलं का, जेवलात का विचारत फिरतात. त्यांना तोच प्रश्न विचारा. आणि ती "हो" म्हणाली, तरी घडीभर तिथंच बसा.