पेनड्राइव्हची खंडेनवमी

स्वरूपाच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पेनड्राइव्ह होता, आणि पिंपळे गुरवातल्या तिच्या आईला या दोन्ही गोष्टींचा सारखाच ताप होता. त्या बोटभर वस्तूत लेकीचं सगळं बिऱ्हाड मावलं होतं: काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायची सोय, प्रोग्राम लिहायचा एडिटर, चुका हुडकायची अवजारं, झालंच तर तिच्या आवडीचे रंग. माउस नको, इंटरनेट नको. कुणाच्याही संगणकाला खोचा आणि कामाला लागा. हिंजवडीची नोकरी सोडताना तिने मॅनेजरला ऐकवलं होतं, "माझं ऑफिस माझ्या गळ्यात आहे." तो हसला होता, मेला.

भोसरीत रंगरावांच्या वर्कशॉपने तिला पहिलं काम दिलं. चाकणला जाणाऱ्या खोक्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम. जमला तर गल्लीतली बाकीची वर्कशॉपं तिची. फसला तर त्याच मॅनेजरपुढे नाक घासणं आलं.

प्रोग्राम संगणकात बसला, पण वजनाच्या जागी तारीख छापू लागला. त्यात उजाडली खंडेनवमी. यंत्रं धुऊनपुसून बंद. खोकी मात्र आदल्या दिवशीच भरलेली आणि संध्याकाळी गाडी सुटायची, म्हणून रंगरावांनी संगणक तेवढा पूजेतून वगळला होता. पाटावर पाने, हातोडे, कानशी मांडल्या जात होत्या. रंगरावांच्या आई अंबूबाई प्रत्येकाला हाक मारून त्याचं हत्यार ठेवून घेत होत्या. त्या स्वरूपापाशी आल्या.

"तुजं हत्यार कुठं हाय गं?"

कंपनीत ती सहा वर्षं 'रिसोर्स' होती. कारागिरांच्या रांगेत तिला आजवर कुणी धरलंच नव्हतं. बाई विरघळली. तिने गळ्यातला पेनड्राइव्ह काढून पाटावर ठेवला. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. आरती झाली, आणि तिचा हात पाटाकडे गेला.

"अगं ए! उचलतीस व्हय? पूजलेलं हत्यार उद्या दसऱ्याला उचलायचं."

"आजी, पाचच मिनिटं..."

"न्हाई म्हंजे न्हाई."

स्वरूपाने रंगरावांकडे पाहिलं. अख्ख्या वर्कशॉपवर डाफरणारा हा गडी आईसमोर छताचे पत्रे निरखू लागला.

दुसरी प्रत आणावी, तर जगाला 'प्रत ठेवा' म्हणून उपदेश करणाऱ्या बाईने स्वतः ठेवली नव्हती. अवजारं नव्याने उतरवून घ्यायला मोबाइल जोडून पाहिला, तर त्या म्हाताऱ्या संगणकाने ओळखच दिली नाही. स्वरूपाला रडू आलं. मॅनेजरचं ते हसू डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी नाक पुसून तिने संगणकातलाच साधा नोटपॅड उघडला. रंग नाहीत, ओळींना आकडे नाहीत, सगळं दशक्रियेच्या पत्रिकेसारखं काळंपांढरं. पडद्यावर बोट ठेवून ती एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली. आणि सापडलं. दोन रकाने तिनेच उलटे लिहिले होते. आठवडाभर बयेने एडिटरचे रंग जुळवले होते, ओळी धड वाचल्याच नव्हत्या. स्वतःला दोन शिव्या हासडून तिने रकाने बदलले, संगणकाच्याच काळ्या खिडकीत हुकूम दिला, आणि लेबलं बरोबर छापून येऊ लागली. गाडी वेळेत सुटली.

मग अंबूबाई संगणकाला हार घालायला आल्या.

"हत्याराबिगर केलंस?"

"हो, आजी."

"मंग खरं हत्यार हे हाय," म्हणत त्यांनी तिच्या दोन्ही हातांना हळदकुंकू लावलं. स्वरूपाला भरून आलं.

तेवढ्यात समोरच्या वर्कशॉपचे दौलतराव आत आले. "रंगराव, हीच का ती पोरगी? ताई, आमचंबी लेबलाचं काम हाय. आत्ता येता का?"

स्वरूपा टुणकन उठली. अंबूबाईंनी मनगट धरून तिला खाली बसवलं.

"तिच्या हातांची पूजा झालीया. उद्या ये, दौलत."

दौलतराव मान डोलावून निमूट गेले. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवण्याचं सुख स्वरूपाला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. तिला प्रसादाचा पेढा हवा होता, तोही अंबूबाईंनीच भरवला.