विश्व वजा दीड एकर

कागदावर लिहिलं होतं : ‘मी माझा चेहरा, आवाज आणि जागा संपूर्ण विश्वात कायमस्वरूपी वापरण्यास कंपनीला संमती देत आहे.’

पुंडलिकनं हे तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘जागा’ या शब्दापाशी अडला. चेहऱ्याचं काही नव्हतं, तो साठ वर्षं वापरून झाला होता. आवाज घरात तसाही कोणी ऐकत नव्हतं. पण जागा म्हणजे धरमतरच्या खाडीलगतचं दीड एकराचं तळं आणि त्यातले जिताडे मासे. तेवढं सोडून त्याच्या नावावर दुसरं काहीही नव्हतं.

कागद आणला होता सावनीनं. ही रोह्याची मुलगी खाण्यापिण्याचा ब्लॉग चालवायची, व्हिडिओ टाकायची. एका मसाला कंपनीनं तिच्याशी करार केला होता : पेण-रोह्याकडच्या पाच घरगुती खानावळी, पाच व्हिडिओ, रश्श्यात मसाला कंपनीचा. पहिली खानावळ पुंडलिकच्या बायकोची, धोंडुबाईची. टेबलं चार, त्यातलं एक शिलाई मशीनचं.

"विश्वात म्हंजे," पुंडलिकनं विचारलं, "पेण तालुका धरून?"

"हो काका. सगळंच आलं त्यात."

"रोहा पन?"

"रोहाही."

"मग तुझं घर पन गेलं की गो."

सावनीनं कागद पुन्हा पाहिला. हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "काका, ही नुसती शूटिंगची परवानगी आहे. सगळीकडे हाच मजकूर असतो."

हेच तर. ‘नुसती परवानगी, सगळीकडे हाच मजकूर’ हे शब्द त्यानं थोरल्या भावाच्या, दाजीच्या ओटीवर ऐकले होते. त्या दिवशी दाजीनं जमिनीच्या संमतीपत्रावर सही केली, तेव्हा त्याची चार एकर भातशेती होती. आता तिथं कुंपण होतं, कुंपणात गवत होतं, आणि गवतावर लक्ष ठेवायला कोणा कंपनीनं नेमलेला वॉचमन म्हणजे खुद्द दाजी. शिफ्ट बारा तासांची.

तोवर दारात माणसं जमली. हौसा खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या थापून द्यायची, मालू खाडीतली कोलंबी आणायची, आणि निलेशची टमटम वडखळ नाक्यावरून गिऱ्हाईक आणायची. असलं तर. गेल्या महिन्यात आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक रस्ता चुकलेलं होतं.

"भाऊ, करा ना सही," निलेश म्हणाला. "नायतर ही बाय कॅमेरा घेऊन नागोठण्याला जाईल."

"तुझी टमटम लिव त्याच्यात."

"टमटम विश्वात हायच की."

आतून धोंडुबाई म्हणाली, "अवं, मसालेवाले तुमचं तळं घेऊन करतील काय? त्यात मिरची पिकते का?"

"दाजीच्या शेतात तरी काय पिकवलं त्यांनी?"

हौसा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तव्याचं काय ते या सहीवर ठरणार होतं. पुंडलिकनं पेन धरलं. दोनदा सहीच्या जागेवर टेकवलं, दोनदा उचललं. सही केली तर तळं जाणार, नाही केली तर गाव त्याला तोंड दाखवू देणार नाही. शेवटी त्यानं मजकुराखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘विश्व देण्यास माझी हरकत नाही. मात्र त्यातून माझे तळे, दीड एकर, वगळावे.’

सावनीनं फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात पुंडलिक दोनदा जाऊन तळं जागेवर आहे का बघून आला. उत्तर होतं, ‘चालेल.’ कंपनीच्या वकिलानं एकतर वाचलं नव्हतं, किंवा उरलेल्या विश्वात आपलं भागेल असा त्यानं हिशेब केला होता.

व्हिडिओत धोंडुबाई एकच वाक्य बोलली : "जेवा, नायतर उठा." ते अकरा लाख लोकांनी पाहिलं आणि त्यातले बरेच जेवायला आले. चार टेबलांची चौदा झाली. हौसाच्या हाताखाली पाच बायका लागल्या. निलेशनं दुसरी टमटम घेतली. गावातल्या सीताबाईचं खडेमीठ, जे गुरंसुद्धा नाइलाजानं चाटत, ते पुड्या बांधून मुंबईला जाऊ लागलं. दाजीच्या कुंपणापाशी गाड्या लागायच्या, त्यामुळे त्यालाही गवत सोडून बघायला काहीतरी मिळालं.

पुंडलिकची झोप तेवढी उडाली. आलेली माणसं त्याच्या बांधावर तीन पायांचे स्टँड रोवून तळ्याचे व्हिडिओ काढायची. आणि बांधावर तीन पाय उभे राहिले की मोजणी आली, हे खाडीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. दर रविवारी तो प्रत्येक स्टँडपाशी जाऊन विचारायचा, "जेवायला आलाव का?" पलीकडून "हो" आलं की श्वास सोडायचा आणि पुढच्या स्टँडकडे वळायचा.

एका रविवारी दुपारी तेरा स्टँड होते. बारांवर मोबाईल. तेराव्यावर पिवळं यंत्र, आणि त्यामागे टोपीवाला माणूस, एक डोळा मिटून तळ्याकडे बघणारा.

"जेवायला आलाव का?"

"नाही. मोजणी."

प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलेला करार पुंडलिकनं पुढे केला. साहेबांनी तो सगळा वाचला.

"हा मसाल्याचा आहे," ते म्हणाले. "आम्ही रस्त्याचे. गाड्या वाढल्यात ना इथे. रस्ता साडेतीन मीटरनं रुंद करायचाय."

"कंच्या बाजूनं?"

"पाणी दिसतंय ना, त्या."

"कंपनीनं मागितला?"

"छे. गावाचा अर्ज आहे. एकशे बारा सह्या."

साहेबांनी फाईल उघडली. हौसा होती, मालू होती, निलेशनं तर सहीखाली दोन्ही टमटमचे नंबर लिहिले होते. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत न मावलेल्या मोठ्या अक्षरात, सही होती धोंडुबाईची.

तेवढ्यात चौदा टेबलांपलीकडून तिनंच हाक दिली, "अवं, सायबांना इचारा, जेवून मोजतील का मोजून जेवतील?"

पुंडलिकनं विचारलं.

"मोजून," साहेब म्हणाले.